राखेची चिमूट

“राखच आहे नं बापा, राखेनं का होते?” असे म्हणून मावशींनी पितळी गुंड पुन्हा घासायला घेतला. नागपूरजवळच्या त्या गावात आज दुपारी मी नारळाच्या शेंडीखालची राख पाहत बसलो होतो. ती चुलीतली नव्हती. टाल्कम पावडरसारखी मऊ, करडी आणि बोटांच्या रेषांत शिरून बसणारी ती राख कोळशावरच्या वीजकेंद्राच्या राखतलावावरून, म्हणजे जळालेल्या कोळशाची राख पाण्यासोबत सोडतात त्या तळ्यावरून, गोणीत भरून आणलेली होती.

त्यांना नीट उत्तर देता आले नाही, हेच दिवसभर सलत राहिले.

कोळशात आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, पारा यांचे प्रमाण अत्यल्प असते. पण कोळसा जळून कार्बन निघून गेला, की यांतील बरेचसे धातू राखेतच उरतात आणि तिथे त्यांचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. त्यातही आर्सेनिक धुरातून थंड होताना सर्वांत बारीक कणांवर जाऊन बसते, म्हणजे नेमक्या त्या मऊपणावर. पारा बहुतांशी वाफ होऊन चिमणीतून निघतो, पुढे पाण्यात उतरतो आणि तिथल्या जिवाणूंमुळे मिथाइल पारा या अधिक विषारी रूपात माशांत साठतो. आपल्याकडे वीजकेंद्रांसाठी पाऱ्याची मर्यादा ठरली ती 2015 मध्ये, इतक्या उशिरा. तळाला अस्तर नसलेल्या राखतलावातून विहिरीकडे काय झिरपते, हे गावाला कोण सांगणार?

गुंड मात्र लखलखीत निघाला. निघताना मावशींनी त्यातलेच पाणी तांब्यातून पुढे केले. मी ते प्यायलो.