टेन हाग गेला, भांडण राहिलं

२७ ऑक्टोबर २०२४ ला आमचं मँचेस्टर युनायटेड फुटबॉलमध्ये वेस्ट हॅमकडून २-१ हरलं तेव्हाच वाटलं होतं, उद्या काहीतरी होणार. झालंच. मॅनेजर एरिक टेन हागला क्लबने नारळ दिला.

मग काय, आम्ही चौघं युनायटेडवाले भेटलो आणि दोन तास नुसता गोंधळ. एकाचं म्हणणं, "चौदाव्या नंबरावर आहे टीम, गेला ते बरंच झालं." खरंय. पण मला वेगळंच खुपत होतं. मे महिन्यात याच माणसाने मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली बाद फेरीची मोठी स्पर्धा, जिंकून आणला. जुलैमध्ये क्लबने त्याचा करार वाढवून २०२६ पर्यंत केला. आणि ऑक्टोबरात हकालपट्टी! चार महिन्यांपूर्वी त्या करारावर सही करणारे क्लबचे साहेब त्या दिवशी कुठे होते? त्यांच्या खुर्च्या शाबूत.

२०१३ ला क्लबचे दिग्गज मॅनेजर फर्ग्युसन निवृत्त झाले. त्यानंतर मॉयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शायर, मग हा. व्हॅन गालला तर एफए कप जिंकल्यावर दोन दिवसांत घरी पाठवलं होतं. क्लबचे मालक ग्लेझर मंडळी मात्र २००५ पासून तिथेच.

"अरे, पण आता फुटबॉलचं भागमालक जिम रॅटक्लिफ बघतोय ना?" असं कुणीतरी म्हणालं. मग त्यावर अर्धा तास. चहा गार झाला, कुणी हातही लावला नाही. शेवटी सगळ्यात जुना मेंबर, जो एरवी फार बोलत नाही, शाल गळ्याभोवती गुंडाळत उठला आणि म्हणाला, "बुधवारी लेस्टरशी मॅच आहे. बघायला कुणाकडे जमायचं?"

माझ्याकडे ठरलं.