मीममधल्या कुत्र्याचा माग काढताना

आग लागलेल्या खोलीत टेबलाशी निवांत बसलेला, डोक्यावर छोटी टोपी घातलेला कुत्रा आणि त्याचं ते ‘धिस इज फाइन’. हे मीम पाहिलं नाही असा माणूस आता विरळाच. मुलांना चित्रकथा शिकवताना मला ते दाखवायचं होतं, पण ज्याने काढलं त्याच्या नावासकट. म्हणून शोधायला बसलो.

इमेज सर्चमध्ये टाकल्यावर प्रतींचा ढीग समोर आला. कुठे कडा कापलेल्या, कुठे रंग विटलेले, कुठे मजकूरच बदललेला. नाव मात्र कुठेच नाही. अशा वेळी सगळ्यांत मोठं चित्र आधी उघडावं. फॉरवर्ड होत होत चित्र लहान होत जातं, त्यामुळे मोठी प्रत बहुधा मुळाच्या जवळची असते.

मूळ निघालं केसी ग्रीन या अमेरिकी चित्रकाराच्या ‘गनशो’ या वेबकॉमिकमध्ये, 9 जानेवारी 2013 चं. आणि मीममध्ये दिसतात तशा चौकटी दोन नाहीत, सहा! पुढे कुत्रा कॉफी पितो, त्याचा हात पेटतो, सगळं ठीक होईल असं तो म्हणत राहतो आणि शेवटच्या चौकटीत त्याचा चेहरा वितळून जातो. नैराश्यावरच्या औषधांशी जुळवून घेण्याच्या काळात हे सुचलं, असं ग्रीनने सांगितलंय. ते कळल्यावर शेवटची चौकट मला बघवेना.

लोकांनी पहिल्या दोनच का उचलल्या, हे मग उमगलं. पहिलीत शब्दच नाहीत, नुसती परिस्थिती. दुसरीत जवळून चेहरा आणि एक वाक्य. परीक्षा, ऑफिस, निवडणूक, काहीही त्या खोलीत बसतं. चेहरा वितळला की मात्र ती त्या एकट्या कुत्र्याची गोष्ट होते, मग ती कुणाला उत्तर म्हणून पाठवता येत नाही.

जुलै 2016 मध्ये रिपब्लिकन पक्षाने हेच चित्र डेमोक्रॅट्सच्या अधिवेशनावर टोमणा म्हणून ट्विट केलं. ग्रीनला ते अजिबात रुचलं नाही. ऑगस्टमध्ये त्याने ‘द निब’ या व्यंगचित्रांच्या संकेतस्थळासाठी नवी चित्रकथा काढली. तिच्यात कुत्रा भानावर येतो, घाबरतो आणि आग विझवायला धावतो. मला ती मूळ चित्रकथेइतकीच मोलाची वाटते.

वर्गात मी सहाही चौकटी लावल्या, खाली ग्रीनचं नाव ठळक लिहिलं. मग मुलांना म्हटलं, आता आपापल्या चित्रकथेतल्या अशा दोन चौकटी निवडा, ज्या बाकीच्यांशिवायही बोलतील.