तुम्ही विचारलंत म्हणून: पिसाच्या गळाचा खर्च

संगम माहुलीच्या घाटावर धुणं धुणाऱ्या मावशींपासून आमच्या ऑफिसातल्या साहेबांपर्यंत सगळे एकच विचारतात. तंगूसला गांडूळ लावलं की मासा मिळतो, मग हे पिसाच्या गळाचं, फ्लाय फिशिंगचं खूळ कशाला आणि किती पैसे घातलेस? ज्यांना स्वतःलाच सुरुवात करायचीय ते फक्त शेवटचं विचारतात.

साडेपाच हजार. नऊ फुटी, ५ नंबरची काठी (हा नंबर दोरीच्या वजनाचा), रीळ आणि दोरी. बायकोला साडेतीन सांगितलेत. हे वाचलं तर कळेलच.

पूर्वी मी ‘दोन हजारांत होतंय की’ असं छातीठोक सांगायचो. तेव्हा माझी काठी ५ नंबरची आणि दोरी ८ नंबरची, कारण ती स्वस्तात मिळाली. काठी नुसती कमरेत वाकायची. दोष माझ्या मनगटाचा, असं समजून मी दोन महिने मनगट दुखवून घेतलं. काठी आणि दोरीचा नंबर जुळलाच पाहिजे. साध्या गळात शिसं फेकतात, तंगूस त्याच्यामागं जातो. इथं पिसाला वजनच नाही. जड दोरी फेकायची, पीस तिच्या शेपटाला लागून येतं. म्हणून पैसे दोरीत घाला. चिलापीसाठी रीळ म्हणजे दोरी गुंडाळायचं भांडं. माशी, म्हणजे पिसं बांधलेला गळ, मी घरीच बांधतो: आमच्या कोंबड्याच्या मानेची पिसं, शिवणाचा दोरा, वर नेलपॉलिशचा थेंब. आणि ट्राउटचं विचारू नका. तो थंड पाण्याचा मासा, काश्मीरकडं इंग्रजांनी आणून सोडलेला. आपल्या कृष्णेत कुठला?

आता आबांचं. तेही सगळे विचारतात, पण मी घाटावर नसताना.

आबांनी जन्मभर बांबूच्या काठीनं मासे धरले. त्या रविवारी ते माझ्या मागं, उजवीकडच्या पायरीवर तंबाखू मळत बसले होते. “मासा धरतोयस का नुसता वारा घालतोयस?” मला राग आला. दोरी मागं जाऊन पूर्ण सरळ व्हावी लागते, मगच पुढं मारायची. म्हणजे पुढं जेवढं पाणी, जवळपास तेवढीच मागं मोकळी जागा. हे मला पाठ होतं. तरी मी मागं न बघता काठी ओढली. पुढं मारताना दोरी अडली. झुडपात अडकली असं वाटून मी आणखी एक हिसका दिला.

आबा ओरडले नाहीत. फक्त “अरे” म्हणाले.

कानाच्या वरच्या पाळीत माशी. कोंबड्याची तांबडी पिसं कानावर फुलासारखी उभी, खाली रक्ताची बारीक धार. रिक्षात ते कानावर पंजा धरून बसले होते. डॉक्टरांनी कान बधिर करून गळ मागं न ओढता पुढं ढकलला, टोक बाहेर काढलं, माझ्याच पक्कडीनं त्याचा उलटा काटा तोडला आणि मग गळ मागं काढला. “चार बोटं पुढं डोळा होता,” एवढंच म्हणाले.

तो उलटा काटा मी घरीच पक्कडीनं दाबून टाकायला हवा होता. फुकटचं काम. दाबला नाही, कारण लागलेला मासा सुटला असता. तोवर मला एकही मासा लागला नव्हता.

चूक जागेची होती, स्वस्त सामानाची नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. खरंही आहे. पण खर्च लिहून काढला होता तेव्हा डोळे वाचवायचा दीडशे रुपयांचा चष्मा मीच खोडला होता, आणि आबांसाठी दुसरा घ्यायचं तर मनातही आलं नव्हतं. मग दोन हजारांत होतं की नाही? होतं. नाही. आधी शाळेच्या मैदानावर, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून महिनाभर फेका, मग मला विचारा.

आबा आता घाटावर येतात, पण वर लांब, झाडाखाली बसतात. परवा तिथूनच ओरडून विचारलं, “एकूण किती घातलेस रं?”

साडेपाच म्हणालो. दोन चष्म्यांचे तीनशे त्यात धरले नाहीत.