इवलासा गोबी, आर्टेमिया आणि मे महिना

गोबी हे समुद्री मासे, आणि त्यातल्या इव्हिओटा व ट्रिमा या प्रजातींचे जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचे. खाऱ्या पाण्याच्या टाकीत ते मरतात ते बहुतेकदा उपासमारीने. पेलेट (खाद्याची गोळी) तोंडात मावत नाही, मायसिस हा कोळंबीसारखा जीव त्यांच्या डोक्याएवढा, आणि शेजारी क्लाउनफिश असला तर घास यांच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून दुकानातच पोट बघून घ्या. डोक्यामागे पोट आत गेलेलं आणि पाठ सुरीच्या पात्यासारखी दिसत असेल, तर कितीही स्वस्तात मिळाला तरी नको.

खाणं म्हणजे ताजी आर्टेमिया, कोळंबीसारख्या एका बारीक जिवाची नुकती निघालेली पिल्लं. कोल्ड्रिंकच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगा. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि आर्टेमियाची अर्धा चमचा अंडी घाला. २७ अंशांच्या आसपास एअर पंप जोरात चालू ठेवला, वर दिवा ठेवला, की २४ तासांत पिल्लं निघतात. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात. बाजूने टॉर्च धरला की नारिंगी ढग उजेडाकडे सरकतो, तेवढाच बारीक नळीने ओढून घ्या. टरफलं टाकीत जाऊ देऊ नका, माशाच्या आतड्यात अडकतात. पिल्लं बारीक जाळीत गाळून धुवा आणि लगेच घाला, कारण काही तासांतच त्यांच्यातला बलक संपत जातो आणि मग माशाला नुसती सालं खाल्ल्यासारखं होतं. उरलेली फ्रिजमध्ये एखादा दिवस टिकतात.

घालताना पंप दहा मिनिटं बंद ठेवून ड्रॉपरने कपारीच्या तोंडाशी सोडा, दिवसातून दोन-तीनदा. इव्हिओटाच्या अनेक जातींचं अंग पारदर्शक असतं. खाल्ल्यावर पोटात नारिंगी ठिपका दिसतो. ज्याच्या पोटात तो दिसत नाही, त्याच्यावर लक्ष ठेवा.

चाळीस-पन्नास लिटरची टाकी पुरते, शंभर लिटरच्या टाकीत हे शोधूनही सापडत नाहीत. पंपाच्या तोंडाला स्पंज हवाच. सिक्सलाइन रास, डॉटीबॅक, हॉकफिश हे मासे आणि बँडेड कोरल श्रिंप ही कोळंबी सोबत नकोत. ट्रिमा पाच-सहाच्या गटात ठेवा. नर-मादी ओळखत बसू नका, यांच्या काही जाती गरजेप्रमाणे दोन्ही दिशांनी लिंग बदलतात.

इव्हिओटा वर्षभर जगला नाही तर वाईट वाटून घेऊ नका. ग्रेट बॅरिअर रीफवरच्या इव्हिओटा सिजिलाटाचं आयुष्य जास्तीत जास्त ५९ दिवस असल्याचं २००५ मध्ये नोंदवलं गेलं. कॅटालिना गोबीची गोष्ट मात्र वेगळी. तो कॅलिफोर्नियाच्या थंड पाण्यातला. आपल्या २६ अंशांच्या टाकीत त्याचं आयुष्य घटतं. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नसेल तर घेऊच नये.

यशा गोबी २००१ मध्ये शास्त्रीय नोंदीत आला. त्याला रँडल्स पिस्तूल श्रिंप ही बीळ खणणारी कोळंबी जोडीदार द्या, दोघं एकाच बिळात राहतात. वाळू सहा-सात सेंटिमीटर, तीत प्रवाळाचे बारीक तुकडे मिसळा म्हणजे बिळाचं छत टिकतं. खडक मात्र वाळू घालण्याआधी थेट काचेवर टेकवा. वाळूवर ठेवलात, तर श्रिंप खालून पोखरतो आणि खडक दोघांवर कोसळतो. यशा उडी मारतो, म्हणून झाकणाची जाळी बारीक आणि वायरीच्या फटीसकट बंद हवी.

आपल्याकडे खरी परीक्षा मे महिन्यात. टाकीवर लावलेल्या पंख्याने पुण्याच्या कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. मुंबईच्या दमट हवेत तेवढं उतरत नाही. शिवाय पंख्याने बाष्पीभवन वाढतं. चाळीस लिटरमधलं दोन लिटर पाणी उडालं की ३५ची क्षारता (हजार भागांत ३५ भाग मीठ) जवळपास ३७वर जाते. मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची, तीही रोज थोडी थोडी. आठवड्याची भर एकदम ओतली तर क्षारता झटक्यात खाली येते, आणि एवढ्या लहान माशाला तो झटका सोसवत नाही.