'भारत' नावाचा एकच चौकोन

इंग्लंडमध्ये बाळंतपणासाठी नाव घालायला गेलं की पहिल्याच भेटीत मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण पाहणारी परिचारिका, रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी एक अर्ज भरून घेते. त्यात पाळीची तारीख नसते, आधीची बाळंतपणं नसतात. एवढंच विचारलेलं असतं की आईचे पूर्वज कुठले आणि बाळाच्या वडिलांचे पूर्वज कुठले. आईसाठी चौकोनांची एक रांग, वडिलांसाठी दुसरी. आजी-आजोबांच्या मागचं ठाऊक असेल तर तेही सांगा म्हणतात. आफ्रिका वेगळी, भूमध्य समुद्राकाठचे देश वेगळे, आग्नेय आशिया वेगळा. आपल्या वाट्याला एकच चौकोन: भारत.

तो अर्ज पहिल्यांदा पाहिला तेव्हा रागच आला. उल्हासनगरचे सिंधी, मुलुंडचे कच्छी लोहाणा, गडचिरोलीचे गोंड, कोलकात्याचे बंगाली, हे सगळे एका खुणेत? हिमोग्लोबिनच्या आजारांपुरतं बोलायचं तर या प्रत्येकाच्या रक्ताचा हिशेब निराळा आहे, आणि तो आपल्याच माणसांनी वर्षानुवर्षं बसून मांडलेला आहे.

अर्ज सिकलसेल आणि थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी असतो. एकच सदोष जनुक असलेला, स्वतः सहसा ठणठणीत असलेला वाहक म्हणजे मायनर; दोन्हीकडून सदोष जनुक आलेलं, गंभीर आजाराचं बाळ म्हणजे मेजर. नवरा-बायको दोघंही मायनर असले तर प्रत्येक गरोदरपणात मेजरची शक्यता चारात एक. इथे मला मनापासून आवडली ती यामागची घाई. गर्भाला 10 आठवडे पूर्ण व्हायच्या आत आईचा रिपोर्ट तयार असला पाहिजे, असं इथल्या कार्यक्रमाचं मोजमाप आहे, आणि किती जणींचा झाला याचा हिशेब द्यावा लागतो. ती मायनर निघाली तर लगेच नवऱ्याला बोलावतात. त्याचं रक्त, मग दोघांची म्युटेशन (जनुकातले नेमके बदल), मग बाळासाठी वारेची तपासणी. या साखळीला तीन-चार आठवडे सहज जातात. दहाव्या आठवड्यात सुरुवात केली तर तेरा-चौदाव्या आठवड्यात उत्तर हाती येतं. हीच साखळी पाचव्या महिन्यात सुरू झाली तर उत्तर किती उशिरा येतं, ते मुंबईत काम केलेल्या कुणालाही विचारा.

आपल्याकडे बहुतेक वेळा घोडं सीबीसीपाशीच, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या मोजणीपाशीच, अडतं. हिमोग्लोबिन साडेनऊ आलं की लोहाच्या गोळ्या, महिन्याने पुन्हा सीबीसी, पुन्हा गोळ्या. खरं तर त्याच कागदावर खूण असते. एमसीएच (एका लाल पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) 27 च्या खाली, एमसीव्ही (पेशीचं सरासरी आकारमान) 80 च्या खाली, आणि हिमोग्लोबिन थोडंसंच कमी असूनही लाल पेशींची संख्या मात्र चांगली, कधी 50 लाखांच्याही वर. लोहाची कमतरता असेल तर पेशी लहान होतात तशा कमीही होतात. मायनरमध्ये लहान पण भरपूर. एवढं दिसलं की गोळ्या चालू ठेवून त्याच दिवशी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, पाठवायचं, 'आधी लोह भरून निघू दे' म्हणत थांबायचं नाही. लोह फार कमी असेल तर ए2 (मायनरमध्ये वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) थोडा खाली दिसू शकतो हे खरं, पण बहुतेक मायनर त्यातूनही ओळखू येतात. संशय उरला तर नवऱ्याचं रक्त लगेच घ्यावं. तो स्वच्छ निघाला तर पुढची धावपळच वाचते.

गावोगावच्या शिबिरांत मायनर चाळून काढायला वापरतात ती नेस्ट्रॉफ्ट चाचणीची नळी इथल्या सहकाऱ्यांना सांगितली की त्यांना नवल वाटतं. 0.36 टक्के मिठाचं बफर केलेलं पाणी, 2 मिलि. त्यात रक्ताचा एक थेंब, 20 मायक्रोलिटर. अर्धा तास तसंच ठेवायचं, हलवायचं, आणि नळीमागे काळी रेघ मारलेला पांढरा कागद धरायचा. नेहमीच्या पेशी इतक्या पातळ मिठाच्या पाण्यात फुटतात, पाणी नितळ लाल होतं, रेघ स्पष्ट दिसते. मायनरच्या पेशी फुटायला तयार नसतात, पाणी गढूळ राहतं, रेघ पुसट होते किंवा दिसतच नाही. लोह कमी असलं तरी रेघ पुसट होते, त्यामुळे पुढे एचपीएलसी लागतंच. शिवाय मिठाचं प्रमाण जरा चुकलं की अख्खी बॅच फसते. म्हणून दर वेळी एक माहितीतला मायनर आणि एक नॉर्मल नमुना सोबत लावायचा. पण काही रुपयांत शेकडो माणसं चाळून काढणारी ही युक्ती आहे, आणि तिचा मला अभिमान आहे.

पुन्हा त्या चौकोनाकडे येते. इथल्यांची बाजू अशी की भारत म्हटलं की तपासणी होणारच, मग आत आणखी चौकोन कशाला? तपासणी करायची की नाही एवढंच ठरवायचं असेल तर त्यांचं बरोबर आहे. इंग्लंडच्या ज्या भागांत हे आजार जास्त आढळतात तिथे तर अर्जावर काहीही असो, सगळ्याच गर्भवतींचं हिमोग्लोबिन तपासतात. तेव्हा अर्जावर रागावणं पूर्ण न्यायाचं नाही, हे मान्य करते. पण पुढच्या पायरीवर समाज विचारावाच लागतो. बीटा थॅलेसेमियाची शेकडो म्युटेशन जगभर सापडली आहेत, आणि भारतात त्यांतल्या पाचांनीच बहुतेक रुग्ण व्यापले आहेत: आयव्हीएस 1-5, 619 बेसची गळती, आयव्हीएस 1-1, कोडॉन 8/9 आणि कोडॉन 41/42. 619 ची गळती, म्हणजे डीएनएचा तेवढा तुकडाच नसणं, सिंधी कुटुंबांत ठळकपणे दिसते. बंगालकडे हिमोग्लोबिन ई, विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकल, पंजाबकडे डी, हे हिमोग्लोबिनचे बदललेले प्रकार. समाज कळला की आधी काय शोधायचं ते कळतं, आणि बाराव्या आठवड्यात वाचलेले चार दिवस फार मोठे असतात.

जात-समाज विचारताना आपली जीभ अडखळते, आणि अडखळावी असाच आपला इतिहास आहे. या एका प्रश्नापुरतं मात्र न लाजता विचारावं आणि न लाजता सांगावं. आंतरजातीय लग्न असेल तर दोन्हीकडचं सांगावं.

ई चा आणखी एक घोळ आहे. एचपीएलसीच्या आलेखावर तो ए2 च्याच खिडकीत येतो. मायनरमध्ये ए2 साडेतीनच्या वर, साधारण 4 ते 6 टक्के असतो. तिथे 25-30 टक्के दिसले तर तो ए2 नव्हे, ई आहे. सर्वांत फसवं म्हणजे कॅप+1 नावाचं आपल्याकडचं म्युटेशन. त्यात पेशींचं माप जवळजवळ नॉर्मल आणि ए2 काठावर. रिपोर्टवर 'नॉर्मल' शिक्का बसतो आणि जोडीदार मायनर असेल तर सगळं चुकतं. म्हणून एक जण पक्का मायनर आणि दुसऱ्याचा ए2 3.3-3.4 अशी जोडी आली की दुसऱ्याचा डीएनए तपासल्याशिवाय सोडू नये.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे 1980 च्या दशकापासून या आजारांचं गर्भावस्थेतलं निदान होत आलं आहे. सुरुवातीला नाळेतून गर्भाचं रक्त काढून. आजही उशिरा आलेल्या आणि म्युटेशन न सापडलेल्या जोडप्यांना त्याचा आधार असतो: 18-20 आठवड्यांच्या निरोगी गर्भात ए, म्हणजे मोठ्या माणसांतलं नेहमीचं, हिमोग्लोबिन थोडं तरी दिसतं, मेजरमध्ये ते जवळजवळ नसतंच. इथे कुणी 'भारतात हेसुद्धा होतं?' असं विचारलं की मी परळचं नाव घेते. गर्भाची तपासणी म्हटलं की समोरच्याच्या मनात लगेच मुलगा-मुलगी येतं, त्यालाही उत्तर आहे. लिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्राने केला, आणि 1994 च्या केंद्रीय कायद्यात हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भतपासणीला स्पष्ट परवानगी आहे. तपासणीच्या नोंदीचा एफ फॉर्म, आईला समजेल त्या भाषेत लेखी संमतीचा जी फॉर्म, आणि लिंग सांगायचं नाही. फॉर्मांचा कंटाळा करणाऱ्यांशी मी भांडते. आपल्याला ते लागतात, आणि का लागतात हे आपल्याला माहीत आहे.

वारेची तपासणी 11 ते 14 आठवड्यांत. सोनोग्राफीखाली पोटातून सुई वारेत न्यायची, सिरिंजमध्ये नमुना टिकवणारा थोडा द्रव, दट्ट्या मागे ओढून सुई काही वेळा पुढे-मागे करायची. बशीत नमुना सोडला की पांढरे, फांद्या फुटलेले तंतू तरंगताना दिसतात, ते बाळाकडचे. त्यांना चिकटलेले फांद्या नसलेले मऊ तुकडे आईचे. ते सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने वेचून काढले नाहीत तर रिपोर्ट आईचाच येतो, आणि आई मायनर असल्याने मेजर बाळ मायनर वाटू शकतं. या प्रकारातली ही सर्वांत भयंकर चूक. म्हणून आईच्या रक्ताशी डीएनए खुणा जुळवून मिसळ नाही ना हे पाहायचं, आणि त्याशिवाय रिपोर्टवर सही करायची नाही. तपासणीमुळे गर्भपाताचा जादा धोका इथे 200 मध्ये एकाहून कमी सांगतात. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन विसरायचं नाही.

'आता आईच्या नुसत्या रक्तातून होत नाही का?' असं तिकडून हल्ली सारखं विचारतात. आईच्या रक्तात गर्भाचा डीएनए असतो हे 1997 मध्ये डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. डाउन सिंड्रोमच्या चाचणीत तो रोज वापरला जातो. थॅलेसेमियात अडचण अशी की आईच मायनर, म्हणजे तिच्याच डीएनएत सदोष आणि चांगला जनुक निम्मे-निम्मे. गर्भाचा वाटा 10 टक्के धरला आणि बाळ मेजर असलं तर हे प्रमाण 55 विरुद्ध 45 होतं. एवढासा फरक खात्रीने मोजायचा, हेच सगळं संशोधन. दोघांची म्युटेशन वेगळी असली तर एक सोपी वाट आहे: वडिलांचं म्युटेशन आईच्या रक्तात शोधायचं. नीट शोधूनही नसेल तर बाळ मेजर नाही. पण एकाच समाजात लग्न असलं की दोघांचं म्युटेशन बहुधा एकच, आणि ही वाट बंद. पुन्हा तोच प्रश्न, कुठले तुम्ही.

तर, मुलगा-सून किंवा लेक-जावई इकडे यायला निघाले असतील तर लोणच्याच्या बरणीसोबत फाइलही द्या. दोघांचे एचपीएलसी रिपोर्ट, आलेखाच्या पानासकट, कारण नुसत्या आकड्यावर इथली प्रयोगशाळा विसंबत नाही. त्या वेळचा सीबीसी. मायनर असेल तर म्युटेशनचं पूर्ण नाव. गेल्या चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर त्याची तारीख. आणि एका चिठ्ठीवर चारही आजी-आजोबांचं गाव आणि समाज. अर्जात त्याला जागा नसली तरी ती चिठ्ठी मिडवाइफच्या हातात द्यायला सांगा, ती फाइलला लावून ठेवते.