घरच्या सर्व्हरला एचटीटीपी३: कुठवर आलो

एचटीटीपी३ म्हणजे ब्राउझर आणि वेबसर्व्हर ज्या भाषेत बोलतात तिची नवी आवृत्ती. ती घरच्या सर्व्हरला लावतोय. मागच्या वेळी वायरगार्डचा बोगदा (दोन यंत्रांमधली खासगी, कुलूपबंद जोडणी) उभा राहिला, तिथे थांबलो होतो. त्यानंतर सोयाबीन निघालं, मळणी झाली आणि आता कापसाची पहिली वेचणी चालू आहे. त्यामुळे जे काही झालं ते रात्री जेवणानंतर, तेही लाइन असेल तर.

नवीन आलेल्यांसाठी मांडणी थोडक्यात. गाव राळेगावच्या अलीकडे, यवतमाळ जिल्हा. टीव्हीखालच्या कपाटात रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, त्याला एसएसडी, त्यावर घरच्या फोटोंसाठी इमिच हे सॉफ्टवेअर. फायबर आलंय, पण राउटरला मिळणारा पत्ता १०० ने सुरू होतो. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची पट्टी सीजीनॅटसाठीच, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटण्यासाठी, राखलेली आहे. त्यामुळे बाहेरून आत यायला दारच नाही. म्हणून मुंबईत एक लहानसं व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, घेतलं: एक कोअर, १ जीबी रॅम. पाय आतून तिकडे वायरगार्ड जोडतो, दर २५ सेकंदांनी कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारं पॅकेट) पाठवतो, आणि व्हीपीएसवरचा एनजिनएक्स हा वेबसर्व्हर आलेली विनंती त्या बोगद्यातून घरी पाठवतो.

कॅडी हा दुसरा वेबसर्व्हर का नाही, हे विचारालच. कॅडीत २.६ पासून एचटीटीपी३ आपोआप चालू असतं, एचटीटीपीएसचं सर्टिफिकेटही तोच आणतो. नव्याने सुरू करणाऱ्याने तोच घ्यावा. मला एनजिनएक्सची सवय आहे, एवढंच कारण.

पहिली ठेच पॅकेजची. व्हीपीएसवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आहे आणि त्याच्या सॉफ्टवेअर-भांडारात एनजिनएक्स १.२२ मिळतो. एचटीटीपी३ आलं १.२५.० मध्ये, २०२३ साली. मी दोन रात्री 'क्विक' (एचटीटीपी३ ज्यावर चालतं तो प्रोटोकॉल) हा शब्द लिसनच्या, म्हणजे कुठल्या पोर्टवर ऐकायचं हे सांगणाऱ्या, ओळीत टाकतोय आणि तो 'असा पर्याय माहीत नाही' म्हणतोय. शेवटी एनजिनएक्सचं स्वतःचं भांडार जोडलं, नवीन आवृत्ती आली आणि तीच ओळ मुकाट्याने चालली. एचटीटीपी२ (आधीची आवृत्ती, थोडक्यात 'एच२') आता लिसनच्या ओळीत लिहायचं नाही, १.२५.१ पासून त्याची वेगळी ओळ आहे. जुनं लिहिलं तर चालतं, फक्त कुरकुर करतं.

दुसरी ठेच रीयूजपोर्टची, म्हणजे एकाच पोर्टवर एनजिनएक्सच्या अनेक प्रक्रियांना ऐकू देणाऱ्या पर्यायाची. फोटोंचा एक सर्व्हर ब्लॉक (एका साइटच्या सेटिंगचा तुकडा) आणि पावसाच्या नोंदीचा एक, असे दोन आहेत. दोन्हीकडे तीच लिसनची ओळ रीयूजपोर्टसकट चिकटवली, तर 'डुप्लिकेट लिसन ऑप्शन्स' म्हणून अडून बसला. एका पत्त्या-पोर्टच्या जोडीला रीयूजपोर्ट एकदाच लिहायचं असतं.

मग सगळं हिरवं दिसायला लागलं, पण ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये प्रोटोकॉलच्या रकान्यात 'एच२'च. इथे माझे चार दिवस गेले, म्हणून सविस्तर सांगतो.

ब्राउझर पहिल्यांदा नेहमीप्रमाणे टीसीपीवरूनच (पॅकेट क्रमाने पोहोचवणारी जुनी वाट) येतो. उत्तरात ऑल्ट-सर्व्हिस हेडर (उत्तरासोबत जाणारी माहितीची ओळ) दिसला, की त्याला कळतं, इथे यूडीपीच्या (क्विक ज्यावरून जातो ती हलकी वाट) ४४३ पोर्टवर एचटीटीपी३ पण मिळतं. मग पुढच्या वेळी तो तिकडून येतो. मी हेडर सर्व्हर ब्लॉकमध्ये टाकला होता, मुदत ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस. पण त्याच्या आतल्या लोकेशन ब्लॉकमध्ये कॅशेसाठी दुसरा एक ॲड-हेडर आधीपासून होता. एनजिनएक्सचा नियम असा, की आतल्या ब्लॉकमध्ये एक जरी ॲड-हेडर असला तरी बाहेरचा एकही खाली उतरत नाही. वडिलोपार्जित वावर मिळायचं असेल तर स्वतःचं एक आर वावरही घ्यायचं नाही, असा न्याय. हेडर लोकेशनमध्ये पुन्हा लिहिला, तेव्हा तो बाहेर पडला.

तरी एच२च. आता फायरवॉल. व्हीपीएसच्या आतली फायरवॉल म्हणजे यूएफडब्ल्यू, तिच्यात यूडीपी ४४३ उघडलं होतं, पण व्हीपीएसच्या पॅनेलमध्ये वेगळी फायरवॉल असते आणि तिथे ४४३ फक्त टीसीपीला उघडं होतं. यात फसवणूक अशी, की काहीच तुटत नाही. यूडीपी अडलं की ब्राउझर निमूट एच२ वर राहतो, साइट छान चालते आणि आपण समजतो की झालं. म्हणून आता ॲक्सेस लॉगमध्ये (आलेल्या विनंत्यांच्या नोंदीत) सर्व्हर प्रोटोकॉल छापतो. 'एचटीटीपी/३.०' ही पहिली ओळ दिसली ती रात्री पावणेबाराला. बाबा उठून बसले, "कायले ओरडून राहिला बे?"

फायदा काय झाला? घरच्या फायबरवर मुंबईपर्यंत पिंग ३० मिलिसेकंदांच्या आसपास, तिथे काडीचा फरक कळत नाही. फरक कळतो वावरात, जिथे फोनला दोनच काड्या असतात. टीसीपी आणि टीएलएस १.३ (मजकूर कुलूपबंद करणारा थर) मिळून पहिली विनंती निघण्याआधी दोन फेऱ्या होतात, क्विकमध्ये एक. शिवाय एक पॅकेट हरवलं की टीसीपीवर मागची सगळी चित्रं रांगेत खोळंबतात, क्विकमध्ये ज्याचं हरवलं तेवढंच थांबतं. लहान लहान फोटोंची जाळी एका दमात न भरता थबकत का होईना, पण भरत राहते.

वायफाय सुटून मोबाइल डेटा लागला तरी जोडणी टिकते, याचं मला जास्त आकर्षण होतं. क्विक जोडणी आयपीने नाही, कनेक्शन आयडीने ओळखतो. घरून व्हिडिओ अपलोड लावला आणि गाडीला किक मारून वावराकडे निघालो. तीनदा केलं. एकदा अपलोड पुढे चालू राहिला, दोनदा तुटून पहिल्यापासून. फोन आणि ब्राउझर काय ठरवतात त्यावर बरंच आहे. तुमच्याकडे एकापेक्षा जास्त वर्कर (एनजिनएक्सच्या काम करणाऱ्या प्रक्रिया) असतील तर क्विक-बीपीएफ हा पर्याय चालू करा, नाहीतर पत्ता बदलल्यावर पॅकेट भलत्याच वर्करकडे जातं. त्याला लिनक्स कर्नल ५.७ किंवा पुढचं लागतं. माझ्याकडे कोअर एक, वर्कर एक. गरिबीचे काही फायदे असतात.

एक विसरू नका. हे सगळं पाहणारा ते मुंबई एवढ्याच टप्प्याचं. मुंबई ते घर बोगद्यात साधं एचटीटीपी १.१ च आहे. तिथे अपस्ट्रीमला, म्हणजे घरच्या पायला, कीपअलाइव्ह जोडणी ठेवली, तेवढंच.

आणि खरं सांगू का, घरच्यांना जी सुधारणा जाणवली ती एचटीटीपी३ ची नव्हतीच. घरी इन्व्हर्टर आहे, पण चौकातल्या फायबरच्या डब्याला नाही. लाइन गेली की काही वेळाने घर जगापासून तुटतं. वायरगार्ड तर नाही म्हणूनही सांगत नाही, पॅकेट नुसती गडप होतात. एनजिनएक्सचा प्रॉक्सी कनेक्ट टाइमआउट (घराशी जोडणी होण्याची वाट पाहायची मुदत) मुळात ६० सेकंदांचा. म्हणजे पुण्याची ताई मिनिटभर गोल फिरणारं चक्र पाहायची आणि मग इंग्रजीत ५०४, म्हणजे मागचा सर्व्हर वेळेत बोलला नाही. लगेच फोन, "तुह्या फोटोचं दुकान बंद हाय का आज?"

तो टाइमआउट ३ सेकंदांवर आणला. ५०२ आणि ५०४ साठी व्हीपीएसवरच एक पान ठेवलं: 'लाइन गेली आहे. आली की फोटो दिसतील.' टीएलएस मुंबईतच संपवायचं, म्हणजे कुलूप तिथेच उघडायचं, का घरापर्यंत न्यायचं, यावर माझं मन दोलायमान होतं. या पानाने निकाल लावला. घरीच संपवलं असतं तर घर बंद असताना हे पान दाखवणार कोण? फोटो मुंबईच्या यंत्रात क्षणभर उघडे होतात, ती किंमत मी मान्य केली. तुम्ही कराच असं नाही.

ताईचा आता फोन येत नाही. परवा आईला म्हणाली, "तुमच्याकडची लाइन सकाळपासून नाही ना? मले इथं कळते."

अजून राहिलंय ते म्हणजे डीएनएसमधली (डोमेनच्या नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) एचटीटीपीएस नोंद, म्हणजे पहिल्याच भेटीत ब्राउझरला एच३ कळेल, ऑल्ट-सर्व्हिसची वाट पाहावी लागणार नाही. पण माझ्या डोमेनवाल्याच्या पॅनेलमध्ये ती नोंद करायची सोयच नाही. डीएनएस दुसरीकडे हलवावं लागेल. ते वेचणी आटोपल्यावर.