तुम्ही विचारलंत म्हणून : ऊन असताना सोलर का बंद पडतं?

लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत, कुठेही गाठून मला हाच प्रश्न विचारतात. "ओ मॅडम, लाइट गेली की आमचं सोलर बी बंद पडालंय. वर ऊन तर मरणाचं हाय की. मग बसवलं कशाला?" मी पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, इन्व्हर्टरवर संशोधन करते, हे ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे प्रश्नामागे थोडा आरोपही असतो, की तुम्ही त्यातल्याच, तुम्हाला माहीत होतं, मग बोलला का नाहीत? २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागलं, तेव्हापासून विचारणारे फारच वाढलेत.

मी आजवर दोन शब्दांत उत्तर देत आले: "सुरक्षेसाठी असतं." कुणाचंच त्याने समाधान होत नाही. म्हणून एकदा सगळं लिहिते.

तुमच्या भिंतीवरचा सोलर इन्व्हर्टर स्वतः वीज 'चालवत' नाही. पॅनेलमधून आलेल्या डीसीचे त्यातले सेमीकंडक्टर स्विच सेकंदाला हजारो वेळा तुकडे करतात आणि त्यातून एसीची लाट घडवतात. ती लाट कधी चढवायची, कधी उतरवायची हे तो लाइनकडे, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेकडे, बघून ठरवतो. लाइनचं व्होल्टेज मोजायचं, त्याच्या पावलाशी पाऊल जुळवायचं आणि आपला करंट त्यात सोडायचा, एवढंच त्याचं काम. लाइनच नसेल तर त्याने कुणाशी जुळवायचं?

आणि ही लाइन म्हणजे फक्त कोपऱ्यावरची डीपी नव्हे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, उरलेल्या देशाशी एका वारंवारतेत (एसीची लाट सेकंदाला किती वेळा चढते-उतरते ती संख्या, हर्ट्झमध्ये मोजतात) जोडलं गेलं. हे जोडकाम आपल्या सोलापुरात झालं याचा मला आजही अभिमान वाटतो आणि दरवर्षी वर्गात मी ते सांगते. तेव्हापासून जुळे सोलापुरातल्या घराच्या प्लगमध्ये आणि कन्याकुमारीतल्या प्लगमध्ये एकच ५० हर्ट्झ नांदतात. ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ते राखण्यासाठी रात्रंदिवस माणसं बसलेली असतात. तुमचा इन्व्हर्टर या सगळ्या पसाऱ्याच्या तालावर चालतो. डीपीवरचा एक जंपर, म्हणजे जोडतार, सुटला की तो एकटा पडतो.

एकटा पडलाय हे त्याला कळावं म्हणून त्याला एक सवय लावलेली असते. तो वारंवारता सतत किंचितशी ढकलून बघतो. समोर देशभराचं ग्रिड असेल तर ती हलत नाही. मागे नुसती चार घरं उरली असतील तर ती लगेच सरकते, आणि इन्व्हर्टर समजतो की ग्रिड गेलं. आयईईई या इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १५४७ क्रमांकाच्या मानकाने यासाठी दोन सेकंद दिले आहेत. तेवढ्यात ओळखायचं आणि वीज सोडणं थांबवायचं.

इथपर्यंत कुणीही इंजिनिअर सांगेल. मी हे तावातावाने का सांगते, ते वेगळं आहे.

मी इंजिनिअरिंगला होते तेव्हाची गोष्ट. आमचं घर पूर्व भागात, आजूबाजूला यंत्रमागांचे शेड. वडील जॉबर, माग दुरुस्त करायचे. धाकटे मामा कंत्राटावर वायरमनचं काम करायचे. मे महिन्यातला वळीव झाला, लिंबाची फांदी पडून आमच्या गल्लीतली तार तुटली. मामांनी डीपीवरचे फ्यूज स्वतः काढले, खिशात घातले आणि खांबावर चढले. तुटलेल्या तारेच्या अलीकडे डीपी, पलीकडे आमची चार-पाच घरं आणि टोकाला एक छोटा शेड. मामांच्या हिशेबाने दोन्हीकडची तार मेलेली.

शेडवाल्याला ऑर्डर पुरी करायची होती. त्याने जनरेटर लावला. लाइन आणि जनरेटर यांतलं एकच जोडू देणारा चेंजओव्हर स्विच बिघडलेला होता म्हणून कुणीतरी वायर थेट जोडून दिलेली, आणि मेन स्विच पाडला तरी त्यातला एक फेज आतून चिकटलेलाच. त्या फेजवरून जनरेटरची वीज सर्व्हिस वायरने उलटी निघाली आणि खांबावर आली.

आमच्या घरातला पंखा फिरायला लागला. गल्लीतली पोरं ओरडली, "लाइट आली!" लाइट आली की पोरं ओरडतातच.

वडील जेवत होते. त्यांनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं. त्याचा आवाज चढत-उतरत होता. आयुष्यभर मोटरींच्या आवाजात राहिलेला माणूस तो. म्हणाले, "ही आपली लाइट न्हाय." आणि उष्ट्या हाताने, अनवाणी शेडकडे पळाले. मी दारात आले तर मामा खांबावर कमरेच्या दोराला लटकलेले, मान खाली, उजवा हात तारेवर. खाली माणसं जमलेली, कुणी काठी आणा म्हणतंय, कुणी हात लावू नका म्हणतंय. मी तीन वर्षं सर्किटं सोडवत होते आणि तिथे नुसती उभी होते, कारण खालून करण्यासारखं काहीच नव्हतं. जनरेटर बंद पडला तेव्हा पंखे थांबले, मामांचा हात सुटला आणि ते दोरात कलले.

मामा वाचले. उजव्या हाताची तीन बोटं गेली, पंजा आजही वळत नाही. कंत्राटदाराने कागदावर लिहिलं की कामगाराने परमिट न घेता काम केलं. परमिट कुणी कधी दिलं नव्हतं, हातमोजे दिले नव्हते, तार जमिनीला जोडून घ्यायचा डिस्चार्ज रॉड दिला नव्हता. भरपाई म्हणून जे हातात आलं ते दवाखान्यातच संपलं. शेडवाल्यावर मामांनी तक्रार केली नाही. "त्याला बी पोटच हाय," म्हणाले. मला ते तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

आता मला अनेक वर्षं छळणारी गोष्ट सांगते. तो जनरेटर लहान होता. गल्ली डीपीला जोडलेली असती तर अख्ख्या पेठेचा भार अंगावर येऊन तो क्षणात दबला असता, बंद पडला असता, आणि मामांना फार तर एक झटका बसून भागलं असतं. पण तार तुटलेली होती. पलीकडे चार घरांचे पंखे आणि बल्ब, म्हणजे त्याला पेलेल एवढाच भार. म्हणून तो चालत राहिला. पुढे एमटेकला आयलंडिंग, म्हणजे ग्रिडपासून तुटलेला तुकडा आपल्याच विजेवर चालत राहणं, शिकताना नेमकं हेच माझ्यासमोर आलं. इन्व्हर्टरचं उत्पादन आणि मागे उरलेला भार जवळजवळ सारखे असले तर व्होल्टेज हलत नाही, वारंवारताही हलत नाही, आणि इन्व्हर्टरला एकटं पडल्याचा पत्ता लागत नाही. यातून सुटण्यासाठीच ते ढकलून बघणं असतं. पुस्तकात तो एका आलेखातला छोटासा रंगवलेला भाग आहे. मी त्या जागी आमची गल्ली बघत होते.

म्हणून 'सोलर लाइटबरोबर बंद का पडतं' असं कुणी चिडून विचारलं की माझा आवाज चढतो. तुमच्यासारख्या वीस गच्च्यांची वीज उलटी खांबावर गेली तर? डीपीतला ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. खालून ४१५ व्होल्ट दिले तर वर ११,००० निघतात.

पण तुमचा राग चुकीचा आहे असंही मी म्हणू शकत नाही. विकणाऱ्याने सही घेण्याआधी एक वाक्य सांगायला हवं होतं: लाइट गेली की हेही जाईल. फार थोडे सांगतात. शिवाय घरातल्या घरात वीज चालू ठेवणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी असेल तर तो आधी घर लाइनपासून तोडतो आणि मग आतल्या आत स्वतःची लाट उभी करतो. खांबावर काही जात नाही. म्हणजे 'सुरक्षेसाठी' हे माझं उत्तर अर्धंच होतं. उरलेलं अर्धं पैशाचं आहे. बॅटरी महाग, आणि लेड-ॲसिड घेतली तर दर दहा अंश जास्तीच्या तापमानाला तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. सोलापूरच्या मे महिन्यात जिन्याखालच्या कोंदट जागेत ती किती टिकेल हे तुम्हीच ठरवा.

माझं माझ्याशीच एक भांडणही चालू आहे. शिकवायला लागले तेव्हा मी फळ्यावर लिहायचे: शंका आली की तुटा. आयईईई १५४७ ची २००३ ची आवृत्तीही जवळपास तेच सांगत होती. वारंवारता किंवा व्होल्टेज जरा इकडेतिकडे झालं की बाजूला व्हा. मग जर्मनीत लाखो गच्च्यांवर पॅनेल आले आणि लक्षात आलं की सगळ्या इन्व्हर्टरना ५०.२ हर्ट्झला बंद व्हायला सांगून ठेवलंय. एखाद्या दुपारी वारंवारता तिथे पोचली तर हजारो मेगावॉट एका क्षणात गायब होतील आणि अख्खं ग्रिडच कोसळेल. २०१२ मध्ये नियम करून त्यांना तीन लाखांहून जास्त यंत्रणांची सेटिंग बदलावी लागली. आयईईई १५४७ ची २०१८ ची आवृत्ती तर सांगते की छोट्या धक्क्याला तुटू नका, तग धरा. आता मी वर्गात दोन्ही शिकवते. मोठ्या ग्रिडला धक्का बसला तर धरून राहा, गल्ली एकटी पडली तर सोडा. पण भिंतीवरच्या त्या डब्याला दोन्ही प्रसंग सुरुवातीला सारखेच दिसतात. जितकं धरून राहायला शिकवावं तितकं एकटेपण ओळखणं अवघड होतं. फळ्यावर 'तुटा' लिहिणारी मी खांबावरच्या माणसाच्या बाजूची होते. आजची मी कुणाच्या बाजूची आहे, असा प्रश्न ती मला विचारते आणि तिला द्यायला माझ्याकडे नीट उत्तर नाही.

मधली काही वर्षं मी दुसऱ्या वाटेने गेले. वाटलं, इन्व्हर्टरवर भिस्त कशाला, तारच बोलली तर? तारेवर अडकवायचं छोटंसं यंत्र, बॅटरी नसलेलं, तारेच्याच ऊर्जेवर जगणारं, तार जिवंत असेल तर दिवा लुकलुकवणारं. तारेतून करंट वाहत असेल तर तिच्या चुंबकीय क्षेत्रातून ऊर्जा मिळते. पण त्यासाठी बऱ्यापैकी अँपिअर वाहावे लागतात. चार पंख्यांच्या करंटवर यंत्र जागंच होत नाही. करंट नसला तरी व्होल्टेज असतं, तर विद्युतक्षेत्रातून काढू म्हटलं. ११ केव्हीवर थोडंफार निघतं, २३० व्होल्टवर काही मायक्रोवॉट. ते कपॅसिटरमध्ये साठवत बसायचं आणि बऱ्याच वेळाने एक लुकलुक मिळवायची. माणसाच्या जिवाला मात्र अँपिअर लागत नाहीत. घरातलं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरला तुटतं ते त्यासाठीच. म्हणजे जिथे धोका आहे नेमकं तिथेच माझं यंत्र उपाशी. आणि त्याहून वाईट म्हणजे दिवा लुकलुकला नाही तर तार मेली आहे की यंत्र, हे खालून कळणार कसं?

मामांना मी ते यंत्र दाखवलं होतं. डाव्या हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "चांगलं केलंस पोरी. पन हे गप बसलं म्हनून मी हात घालनार न्हाय. आधी टेस्टर, मग तारा शॉर्ट करून अर्थिंगची साखळी, मग हात. साखळी असंल तर कुटनं बी करंट येऊ दे." हेच खरं पक्कं उत्तर आहे आणि ते फार जुनं आहे. त्याला सेमीकंडक्टर लागत नाही, माझं संशोधन लागत नाही. लागतो तो वेळ आणि साखळी विकत घेऊन देणारा कंत्राटदार. त्या दिवशी साखळी असती तर मामांचा हात शाबूत असता.

मग इन्व्हर्टरने बंद पडायची गरजच काय, असं तुम्ही विचाराल. एका विद्यार्थ्याने विचारलंच. त्याचं म्हणणं, डीपीपाशी मोठी बॅटरी आणि ग्रिड उभं करणारा इन्व्हर्टर बसवू, लाइट गेली की गल्ली आपणहून वेगळी करू, गच्च्यांवरची सोलरं चालू राहतील. वायरमन आला की त्याने कुलूपबंद स्विच पाडायचा, किल्ली खिशात घालायची आणि मग चढायचं. कागदावर हे बसतं. प्रयोगशाळेत आम्ही लहान प्रमाणात चालवूनही पाहिलंय.

मी ते मामांना सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "किल्ल्या किती?" मी म्हटलं, एक वायरमनकडे, एक ऑफिसात, अडीअडचणीला. ते म्हणाले, "दुसरी असली की मी चढनार न्हाय." एकच किल्ली ठेवली आणि ती हरवली तर गल्ली दिवसभर अंधारात, दवाखान्याचं फ्रीज बंद, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण पटलं म्हणून नव्हे. गेल्या दिवाळीत आमचं हे बोलणं झालं. आराखड्यात अजून दोन किल्ल्या आहेत.